बारा मिनिटं पुढे

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ बत्तीस वर्षं बारा मिनिटं पुढे होतं. ते बिघडलेलं नव्हतं. बायकोने स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने ते पुढे केलं होतं. मधल्या काळात घड्याळं तीन झाली, भिंतीचे रंग चार झाले, सेल किती बदलले ते देव जाणे. पण बारा मिनिटं हलली नाहीत.

नालासोपाऱ्यात हे कुणाला सांगितलं तर त्याला काही नवल वाटत नाही. तुळिंजच्या आमच्या इमारतीत मजल्यावर चार घरं, आणि चारही घरांत वेगवेगळे वाजतात. समोरच्यांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, त्यांच्या शेजारचं सात, आणि कोपऱ्यातल्या घरात तर पंधरा, कारण तिथे नवराबायको दोघंही गाडीने जाणारे. सोसायटीच्या फळ्यावर ‘मीटिंग बरोबर दहा वाजता’ असं लिहिलं की कुणीतरी विचारतंच, कुणाच्या घरातले दहा? मुलीचा साखरपुडा आम्ही घरीच केला तेव्हा गुरुजींनी भिंतीकडे बघून मुहूर्त लावला आणि कुणी काही बोलायच्या आत तो बारा मिनिटं आधी लागूनही गेला. मुलगी आणि जावई पुण्याला सुखात आहेत. तेव्हा मुहूर्तांविषयी माझं मत मी जाहीरपणे सांगत नाही.

लग्न झालं तेव्हा बायको मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत नुकतीच लागली होती आणि मी आगाशीच्या शाळेत गणित शिकवत होतो. दोघांना मधोमध पडेल म्हणून नालासोपाऱ्याला जागा घेतली, असं आम्ही लोकांना सांगायचो. मधोमध कसलं! माझी शाळा स्कूटरवर अर्ध्या तासावर आणि तिची कचेरी पावणेदोन तासांवर. गणिताच्या मास्तराने शोधलेला हा मध्यबिंदू. खरं सांगायचं तर परवडलं ते तुळिंजच होतं, आणि लांबचा टप्पा तिच्या वाट्याला आला एवढंच.

पहिल्याच आठवड्यात एकदा तिची गाडी डोळ्यांदेखत सुटली. कचेरीत पोचली तेव्हा हजेरीपुस्तक साहेबांच्या टेबलावर गेलेलं होतं. नवीन म्हणून त्यांनी सही करू दिली, पण चष्म्यावरून एकदा बघितलं. त्या बघण्याने ती इतकी ओशाळली की घरी आल्या आल्या चपला काढायच्या आत स्टुलावर चढली. मी विचारलं, दहा मिनिटं का नाही, बाराच का? ती म्हणाली, “दहा मनातल्या मनात वजा होतात हो. बारा वजा करायला मास्तर लागतो.” मास्तर घरातच होता आणि तो रोज वजा करायचा, ती मात्र कधीच करायची नाही. तिने ते घड्याळ खरं मानलं होतं. घड्याळात आठ वाजले की ती दार ओढून घ्यायची. जगात तेव्हा आठला बारा कमी असायचे.

तिच्या गाडीविषयी मी काही लिहिणार नाही, कारण त्या गाडीत मी नसायचो. तिच्या सकाळींविषयीसुद्धा मला जे माहीत आहे ते उशिराने गोळा केलेलं आहे. माझी शाळा दुपारची. पुढे मुलगीही माझ्याच शाळेत, दुपारीच. त्यामुळे बायको दार ओढून घ्यायची त्या कडीच्या आवाजाने मला जाग यायची. माझा चहा थर्मासमध्ये, पोळीभाजी झाकलेली, मुलीचा गणवेश खुर्चीवर. हे सगळं आपोआप होतं अशी माझी समजूत होती असं नाही. पण ते कसं होतं हे बघायला मी कधी उठलोही नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो तरी कडीचा आवाज हाच माझा गजर राहिला. मेलं कोंबडं आगीला भीत नाही, म्हणतात तशी माझी झोप.

एकदा मात्र पाय मुरगळून मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडून होतो, तेव्हा आठ-दहा सकाळी तिला बघितलं. मी तीस वर्षं मुलांना कालमापन शिकवलं, पण वेळ कशाशी खातात ते त्या आठ-दहा दिवसांत कळलं. खालच्या पाण्याची मोटर सुरू झाली की ती उठायची. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर तवा. भाकरी तव्यावर असताना तिचा डावा हात ओटा पुसायचा. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये मुलीची वेणी व्हायची. तिसऱ्या शिट्टीला रिबीन. तिने ‘दोन मिनिटं थांब’ म्हटलं की दोनच मिनिटं असायची, आमच्या मुख्याध्यापकांसारखी पंचवीस नव्हे. आणि एवढ्यात कुठे धावपळ नाही, भांड्याचा आवाज नाही. मी म्हटलं, “केवढी घाई करतेस.” तर म्हणाली, “मी घाई करत नाही. मी लवकर करते.” हे वाक्य मी पुढे वर्गात कितीतरी वेळा वापरलं, स्वतःच्या नावावर.

कचेरीत तिला पहिल्यापासून आस्थापना शाखा मिळाली. म्हणजे इतरांच्या रजा, हजेऱ्या आणि लेट मार्क. ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांची सवलत. त्यापुढे आलात की नावापुढे तांबड्या शाईची खूण, आणि एका जाड वहीत स्वतःच्या हाताने उशिराचं कारण लिहायचं. आता हजेरीपुस्तक जाऊन अंगठ्याचं मशीन आलंय, पण वही तिथे अजून आहे, आणि तांबडी खूणही आता तीतच होते. ती कारणं ती कधी कधी मला सांगायची. गाडी लेट. सासूबाई पडल्या. गाडी लेट. मुलाचा दाखला. गाडी लेट. एका कारकुनाने एका वर्षात तीन वेळा एकाच आजोबांचं निधन लिहिलं होतं.

आणि बत्तीस वर्षांत तिच्या स्वतःच्या नावापुढे तांबडी शाई नव्हती. एकदाही नाही. सगळी रेल्वेच बंद पडली, तेव्हा सगळ्यांनाच माफ असायचं, ते दिवस सोडून द्या. स्वतःच्या चुकीने ती एकदाही उशिरा पोचली नाही. मुलगी तापाने फणफणली तेव्हा तिने रजा घेतली, पण उशीर केला नाही. कचेरीतली तिची जिवाभावाची मैत्रीण एकदा पाच मिनिटांसाठी लेट ठरली, तर हिने तिच्याही नावापुढे खूण केली. मैत्रीण महिनाभर बोलली नाही. ही रडली, पण खूण खोडली नाही. मी चिडून म्हटलं, पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? ती म्हणाली, “आज तिची खोडली, तर उद्या शिपायाची कोणत्या तोंडाने करू?”

निवृत्तीचा महिना लागला तशी ती जरा हळवी झाली. बोलून दाखवणारी बाई नाही; पण एका संध्याकाळी लसूण सोलता सोलता म्हणाली, “एवढे दिवस नीट पार पडले की झालं. कोऱ्या पानाने बाहेर पडायचंय मला.” सरकारी नोकरीत तिला बढत्या फार मिळाल्या नाहीत. बदलीवर जायला नको म्हणून, म्हणजे आमच्यासाठी, तिने दोन तर नाकारल्या. तेव्हा हे कोरं पान म्हणजे तिचं पदक होतं, आणि ते तिला दुसऱ्या कुणीही दिलेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी जे केलं ते सांगतो.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती खालच्या मजल्यावर ब्लाउजच्या हुकासाठी गेली होती. मी दुपारीच आगाशीच्या बाजारातून तिच्या कचेरीसाठी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, आणली होती, केळीच्या सोपटात बांधलेली. पेढे कुणीही नेतं, आपण आपल्या गावाकडचं नेऊ, ही तिचीच कल्पना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारपाजारचे येणार म्हणून मी जाळी-जळमटं काढत होतो. काढता काढता घड्याळ खाली घेतलं, पुसलं, सेल ढिला झाला तो नवा घातला, आणि काटे लावायला घेतले.

तिथे माझ्यातला मास्तर जागा झाला. आयुष्यभर मी फळ्यावर चुकीचं उत्तर क्षणभरही राहू दिलं नाही, आणि घरात मात्र बत्तीस वर्षं चुकीचं उत्तर भिंतीवर टांगलेलं. म्हटलं, उद्या ही मोकळी होणार; मग पुन्हा खोटी वेळ कशाला लावायची? तिला काय, सकाळी दिसेलच. बघेल, हसेल, म्हणेल, अहो, सुटले हो मी. अशी सगळी वाक्यं मी तिच्या वतीने बोलूनही टाकली. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! लग्नाच्या वेळी जेवढा उतावळा नव्हतो तेवढा तिच्या निवृत्तीला झालो. घड्याळ मोबाइलशी जुळवलं, सेकंदासकट, आणि टांगलं. ती वर आली, हुक लावून झाले, साडी खुर्चीवर काढून ठेवली. मी मुद्दाम काही बोललो नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना!

सकाळी मी उठलो. तिला दारापर्यंत पोचवायचं असं ठरवलं होतं, म्हणून दाढीसुद्धा केली. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा तिचं सगळं आवरलं होतं. डबा भरलेला, सुकेळीची पिशवी दाराशी, साडी नेसलेली, नवी, मोरपंखी. तिने घड्याळाकडे बघितलं, गॅसवर पुन्हा आधण ठेवलं, त्यात गवती चहा टाकला आणि चक्क खुर्ची ओढून बसली.

“बसा,” म्हणाली. “दहा-बारा मिनिटं आहेत.”

मला वाटलं, बघितलं तर हिने! बारा मिनिटं म्हणते म्हणजे कळलंच हिला, आणि आता माझी गंमत करते आहे. मी आतल्या आत फुगलो. दोन कप आले. तिने खारी बुडवून खाल्ली, सावकाश, कडा मऊ होऊ देऊन. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई गॅलरीत उभ्या राहून केस विंचरत होत्या. तिने विचारलं, “या रोज असतात इथे?” मला कुठे माहीत! मी म्हटलं, असतील. मग ती म्हणाली, “आज सगळं कसं लवकर लवकर झालं. मोटर लवकर, दूधवाला लवकर. मी म्हटलं, शेवटच्या दिवशी देवाने जरा सैल सोडलं.” मी हसलो. ती माझ्या गमतीला गमतीने उत्तर देते आहे असं मी समजलो आणि म्हणालो, “तुझ्यासाठी एवढं तर करायलाच हवं होतं.” ती म्हणाली, “काय?” आणि तेवढ्यात घड्याळात आठ वाजले. ती उठली, कप विसळून पालथा ठेवला, देवाला हात जोडले, मला म्हणाली येते, आणि दार ओढून घेतलं.

मी खिडकीतून बघत राहिलो. मोरपंखी साडी वळणापर्यंत दिसली. चाल रोजचीच असणार. मला फार बरं वाटत होतं.

सव्वाआठ होऊन गेले होते तेव्हा फोन वाजला. सकाळच्या वेळी ती कधीही फोन करत नाही. गाडीत बसेपर्यंत तिचा मोबाइल पर्सच्या तळाशी असतो. पाठीमागे स्टेशनातली घोषणा ऐकू येत होती.

“अहो, घड्याळाला हात लावलात?”

“हो. बरोबर केलं ना. काल.”

घोषणा संपून दुसरी सुरू झाली.

“बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा तेच गणित केलं, जणू वेगळं उत्तर येणार होतं. नालासोपाऱ्याहूनच सुटणारी तिची गाडी गेली होती. त्यानंतरची कुठलीही पकडली तरी सवलतीच्या दहा मिनिटांत ती पोचत नव्हती. दूधवाला लवकर आला नव्हता. मोटर लवकर लागली नव्हती. सगळं जग वेळेवर होतं आणि ती घड्याळावर विश्वास ठेवून बसली होती, कारण ते तिने स्वतः लावलेलं होतं. बत्तीस वर्षं जपलेलं पान, आणि शेवटच्या दिवशी त्याच्यावर मी तांबडी दौत लवंडली. टॅक्सी, रिक्षा, तिच्या साहेबांना फोन, सगळं मनात येऊन गेलं. तिने मला उभं चिरलं असतं. मी काहीच केलं नाही.

घरात बसवेना म्हणून स्कूटर काढून आगाशीला गेलो. रात्रीच्या जेवणाला पापलेट आणायचं ठरलंच होतं. अर्नाळ्याची एक मावशी माझ्या नोकरीच्या काळापासून तिथे बसते. तिची दोन नातवंडं माझ्या हाताखालून गेली. माझं तोंड बघूनच ती म्हणाली, “काय मास्तर, कोन गेला?” मी म्हटलं, कुणी गेलं नाही, बायको आज रिटायर होते. आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मावशीने ऐकून घेतलं. हातातलं पापलेट पुन्हा बर्फावर ठेवलं.

“तू तिला न इचारता हात लावला?”

“चुकीचं होतं गं ते. मी बरोबर केलं.”

“बरोबर केला!” मावशीने शेजारणीकडे बघितलं. “अरे, माज्या दादल्याने एक डाव माजा कोयता धार लावून ठेवला. मला सांगितला नाय. त्याला वाटला, बायको खूश होल. मी आपली रोजच्यासारखा जोर लावला, नी हा बघ.” तिने डाव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरलं. नखाच्या खाली आडवा पांढरा व्रण होता. “हात जुन्या धारेचा, कोयता नव्या धारेचा. चूक कोनाची?”

“मग तू काय केलंस?”

“काय करनार? महिनाभर घरची मासली त्यालाच साफ करायला लावली. आता पानी पन इचारून पितो.” तिने दोन मोठी पापलेटं पिशवीत टाकली. मी म्हटलं, साफ करून दे. ती म्हणाली, “आज नाय. आज तू कर.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

केलं. ओट्यावर दीड तास. खवल्यांचे तुकडे खिडकीच्या जाळीपर्यंत उडाले. शाळेत भूमितीच्या आकृत्या मी हाताने बिनचूक काढायचो, पण त्या दोन पापलेटांचा आकार कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. मीठ-हळद लावून झाकून ठेवली. मग ती बोलेल ते सगळं ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही, असं ठरवून दारासमोर खुर्ची टाकून बसलो.

ती रोजच्या वेळेला आली. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि फुलांचा गुच्छ, साडीला एक चुणीही नाही. बत्तीस वर्षं ही बाई अशीच यायची, जशी गेली तशी. हे मी लक्षात घेतलं नव्हतं. शेजारपाजारचे येऊन गेले, सुकेळी आमच्याही मजल्यावर वाटली, गुच्छ बादलीत ठेवला. सगळे गेल्यावर तिने झाकण काढून पापलेटं बघितली.

“हे कुणी केलं?”

“मी.”

तिने एक तुकडा उचलून उजेडात धरला, हसली नाही, आणि तवा ठेवला. मी म्हटलं, “मावशीने सांगितलं, तुझा राग गेला नाही तर महिनाभर मासे मीच साफ करायचे.” ती म्हणाली, “मग लवकर जाऊ देऊ नये.” तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला.

जेवताना तिने सांगितलं. वळणावरचा इडलीवाला रोज ती जाते तेव्हा डबा उघडत असतो. आज त्याच्याकडे चटणी संपत आली होती. मोबाइल न काढता तिला बिनचूक कळलं की दहा-बारा मिनिटं गेलेली आहेत. तरीही ती धावली नाही. उगाच धावून काय, गाडी तर गेलेली होती. मी विचारलं, “राग आला?”

“आला ना. अंधेरीपर्यंत होता.”

“मग?”

“मग म्हटलं, शेवटचं जाणं आहे. खिडकी मिळाली होती. बघत गेले.”

कचेरीत सगळे दारातच थांबले होते, गुच्छ घेऊन. तिने आधी मशीनवर अंगठा ठेवला. सवलतीच्या वर नऊ मिनिटं. तिच्या जागेवर येणारा नवीन मुलगा म्हणाला, मॅडम, मी बघतो, हे काही दिसणार नाही. साहेबही म्हणाले, आजचा दिवस कोण लेट मार्क लावतं, राहू द्या. ती त्यांना म्हणाली, साहेब, या वहीत मी माझ्या मैत्रिणीचं नाव लिहिलेलं आहे. तीच मैत्रीण, जी महिनाभर बोलली नव्हती, तिथेच उभी होती. केव्हाच निवृत्त झालेली, हिच्या निरोपासाठी आलेली. तिने पुढे होऊन वही उघडून दिली. बायकोने तांबडं पेन घेतलं आणि स्वतःच्या नावापुढे स्वतः खूण केली. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं ती म्हणाली. वाजवल्याच असणार. मी तिथे असतो तर बाकावर उभा राहून वाजवल्या असत्या.

तिला शाल-नारळ कुणीही देईल; पण असं मन कुठून आणायचं? मी तिला तसं म्हणालो. तोंडावर स्तुती करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून ते जरा मोठ्याने आणि चिडल्यासारखं निघालं. ती पापलेटातला काटा काढत राहिली.

मग मला कारणाच्या रकान्याची आठवण झाली. “काय लिहिलंस? नवऱ्याने न विचारता घड्याळ मागे केलं म्हणून?”

“तेच लिहिणार होते. पेन टेकवलंसुद्धा,” ती म्हणाली. “पण घड्याळाने काय केलं? चुकीचं काही दाखवलं नव्हतं त्याने. मग जे झालं होतं तेच लिहिलं.”

“काय?”

तिने हात धुतले, पदराला पुसले. इतरांची कारणं वाचून दाखवायची त्याच कचेरीच्या आवाजात म्हणाली, “‘पतीसमवेत चहा घेण्यास बसल्यामुळे.’”

मी हसलो. मला वाटलं तीही हसेल.

“खरंच बसलो होतो की आपण,” ती म्हणाली. “सकाळी. पहिल्यांदाच.”

छे, पहिल्यांदा कसं, असं तोंडावर आलं होतं. मी आठवू लागलो. रविवारी सकाळी ती धुण्याशी असायची आणि मी पेपरात. दिवाळीत ती तळणाशी. सुट्टीत गावी गेलो तर ती चुलीपुढे आणि मी ओटीवर माणसांत. मुलीच्या परीक्षा, बायकोच्या बाळंतपणाचे दिवस, माझा मुरगळलेला पाय. मी बत्तीस वर्षं मागे गेलो, अगदी या घरात आलो त्या पहिल्या महिन्यापर्यंत, आणि तिचं म्हणणं खोटं ठरवायला मला एकही सकाळ सापडली नाही.